दगडाचं गाव कोणतं?

वाचक विचारतात : खाण, खडी, खनिज

मागच्या अंकात मी एक साधा प्रश्न ठेवला होता : तुमच्या घरात जेवढा दगड आहे, त्यातल्या एका तरी दगडाचं गाव तुम्हाला सांगता येईल का? उत्तरांपेक्षा उलट प्रश्नच जास्त आले, आणि ते वाचताना मला मनापासून आनंद झाला. त्यातले काही इथे घेतो. नव्या वाचकांसाठी माझी ओळख : ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये मी ३१ वर्षं खडी, वाळू आणि काँक्रीटचे क्यूब (ताकद मोजायचे ठोकळे) तपासले. त्याआधीचं सगळं लहानपण तुर्भ्याच्या वर, पारसिक डोंगरातल्या एका दगडखाणीच्या वस्तीत गेलं. १९७२च्या दुष्काळात वडील माण तालुक्यातून इकडे आले आणि खाणीत सुरुंग भरायच्या कामाला लागले. राहतो अजून नेरूळलाच.

मी घणसोलीला चौदाव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून पारसिक डोंगर दिसतो आणि त्याला पडलेली खिंडारंही दिसतात. शहराच्या इतक्या जवळ खाणी कशाला हव्या होत्या? खडी लांबून आणता आली नसती का?
(एक रहिवासी, घणसोली)

दादा, तुम्ही ज्या मजल्यावरून डोंगर बघता, त्या मजल्यापासूनच सुरुवात करू. एक घनमीटर काँक्रीटचं वजन साधारण २,४०० किलो भरतं. त्यात सिमेंट ३५० ते ४०० किलो, पाणी पावणेदोनशेच्या मागेपुढे, आणि बाकी सगळी खडी आणि वाळू. म्हणजे तुमच्या इमारतीच्या स्लॅब, बीम, कॉलममध्ये वजनाने तीन चतुर्थांश दगडच आहे.

आता या दगडाचा व्यवहार बघा. खडी वजनाला भारी आणि भावाला हलकी. तांबं किंवा सोनं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून आणलं तरी परवडतं. खडीचा ट्रक जसा लांब जातो तसं भाडं दगडाच्या भावाला गाठतं, आणि थोडं पुढे गेलं की ओलांडतं. आमच्या खाणीतले मुकादम म्हणायचे की दगड फुकटच आहे, आपण पैसे रस्त्याचे घेतो. लहानपणी मला ते कळलं नव्हतं. लॅबमध्ये बसून खडीच्या गाड्यांची चलनं, म्हणजे पावत्या, बघायला लागलो तेव्हा कळलं. म्हणून खडीची खाण नेहमी शहराला खेटून असते. मग शहर वाढत वाढत खाणीच्या अंगावर येतं, लोकांना धूळ आणि हादरे नकोसे होतात आणि खाण पुढे सरकते. मालाड-कांदिवलीच्या खाणींचंही हेच झालं. १९७० साली सिडको स्थापन झाली, खाडीच्या या बाजूला नवं शहर वसवायचं ठरलं, आणि त्या शहराच्या पाठीशीच हा दगड उभा होता.

दगडही कसा! पारसिकचा डोंगर बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, एकावर एक थर साचत गेले, आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे. माळशेज घाटात हे थर आडवे, जवळजवळ सपाट दिसतात. आपल्या इकडे कल्याण ते पनवेल पट्ट्यात तेच थर पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. भूशास्त्रात याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. खाणीच्या कापलेल्या अंगावर दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा पट्टा दिसेल. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात तयार झालेली ती माती. ती वरच्या लाव्ह्याखाली कायमची गाडली गेली. तो पट्टा लागला की वडिलांचा चेहरा पडायचा, कारण त्याची खडी होत नाही. थराच्या माथ्याचा, बुडबुड्यांनी पोकळ झालेला दगडही क्रशरवाला परत पाठवायचा. हातोडी मारल्यावर खणखणतो तो घट्ट दगड थराच्या पोटात सापडतो.

तो काढायचा म्हणजे सुरुंग. जॅकहॅमरने भोकं पाडायची, कांड्या भरायच्या, वरून माती ठासायची, वाती लावायच्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लाल बावटा लागायचा, शिट्ट्या व्हायच्या आणि आम्ही पोरं पत्र्याच्या घरात खाटेखाली जायचो. बार उडाले की सगळे मनातल्या मनात मोजायचे. अकरा भरले आणि दहाच वाजले, तर त्या दिवशी त्या बाजूला वडील कुणाला पाऊल टाकू देत नसत. आई चुलीपाशी बसून मोजायची. अकरावा वाजला की भाकरी थापायला घ्यायची. मग धोंडे घणाने फोडायचे (आता ते काम पोकलेनला लावलेला ब्रेकर करतो), जॉ क्रशरच्या जबड्यात टाकायचे, आणि चाळणीवरून ४०, २० आणि १० मिलिमीटरची खडी वेगळी व्हायची. सगळ्यात खाली कच.

आज तुमच्या भागातल्या बांधकामाची खडी पनवेल, उरण, कल्याण, भिवंडीकडच्या खाणींतून येते. म्हणजे दगड लांब गेला, भाडं वाढलं, आणि धूळ दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात पडू लागली. नवी मुंबई विमानतळाच्या वेळी उलवे टेकडी, सुमारे ९० मीटर उंचीची, सुरुंग लावून उतरवली आणि तिचा दगड तिथल्याच भरावाला वापरला. दगडाचा सर्वात लहान प्रवास तो. पैशाच्या बाजूने चोख. टेकडीच्या बाजूने मात्र मी बोलत नाही, कारण माझ्या वडिलांनीही डोंगरच फोडला आणि त्याच पैशावर मी शिकलो.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. खाण असणं हा गुन्हा नाही, सरळ कडा कापणं हा आहे. खाण वरून खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायची असते, पायरीची रुंदी निदान तिच्या उंचीएवढी ठेवून. तसं केलं असतं तर आज त्या पायऱ्यांवर माती टिकली असती आणि झाडं धरली असती. तुमच्या खिडकीतून जी नागडी भिंत दिसते, तिथे पायरीच नाही. पावसाळ्यात तिच्या पायथ्याशी कुणी झोपडी बांधलेली दिसली तर वॉर्ड ऑफिसला कळवा. तिथल्या माणसांना आधी सांगा, मग ऑफिसला.

एक ब्रास म्हणजे नक्की किती? सप्लायर प्रत्येक वेळी वेगळं सांगतो.
(कळंबोली)

१०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. २० मिलिमीटर खडीचा एक ब्रास ४ ते साडेचार टनांच्या दरम्यान भरतो. गाडी आली की हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणाकाराला १०० ने भागा. उंची चारही कोपऱ्यांत आणि मधोमध काठी खुपसून बघा, कारण माल मध्ये ढीग करून कडेला उतरता ठेवतात. सरकारचं स्वामित्वधनही (रॉयल्टी) ब्रासवरच आकारतात, तेव्हा वाहतुकीचा पास दाखवायला सांगा. पास नसेल तर तो दगड कुणाच्या तरी टेकडीतून चोरलेला आहे.

शहापूरला घर बांधतोय. मिस्त्री म्हणतो नदीचीच रेती हवी. सप्लायर म्हणतो क्रश सँड घ्या. कुणाचं ऐकू? आणि आमच्या रेतीबंदरची रेती पूर्वीसारखी का मिळत नाही?
(नोकरदार, कळवा)

रेतीबंदराची गोष्ट आधी, कारण तुम्ही तिथलेच. मुंब्रा-कळव्याच्या काठाला होड्या लागायच्या. खाडीत बांबू रोवून माणसं बुडी मारायची आणि तळातली रेती बादलीने वर द्यायची. हातपाटी आणि डुबी, असे या पद्धतीचे सरकारी कागदांतले शब्द आहेत. मग सक्शन पंप आले आणि माणसाच्या श्वासाची जी मर्यादा होती तीही गेली. पात्र खोल झालं, काठ ढासळू लागले, कांदळवनाची मुळं उघडी पडली, पुलांच्या पायांना धोका झाला. नदीतही तेच : वाळू ही नदीची पाणी धरून ठेवणारी गादी, ती उपसली की काठच्या विहिरी उतरतात. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात सांगितलं की गौण खनिजाच्या, म्हणजे वाळू-खडीसारख्या मालाच्या, पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण परवानगी लागेल. हा निकाल फार आधी यायला हवा होता, असं माझं मत आहे.

घराला म्हणाल तर खाडीची रेती नकोच. तिच्यात मीठ असतं, शिंपल्यांचे तुकडे असतात. मिठातलं क्लोराइड सळईला गंज चढवतं, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचं कवच फोडते. सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोच्या वर जाऊ नये, असं आपलं मानक सांगतं. ठाण्यातल्या जुन्या इमारतींच्या बाल्कन्यांतून ज्या तांबूस सळया डोकावतात, त्यातल्या कित्येकींच्या नमुन्यात मला मीठ सापडलं आहे.

मिस्त्रींना क्रश सँड का आवडत नाही, तेही समजून घ्या. नदीने हजारो वर्षं लोळवलेला कण गोल असतो, थापीखाली सरकतो. ठेचलेला कण कोनदार, त्यामुळे माल त्यांना खरखरीत लागतो. मग ते पाणी वाढवतात, आणि पाण्याने ताकद जाते. दोष वाळूचा नसतो, वाढवलेल्या पाण्याचा असतो. इंजिनिअरकडून मिक्स ठरवून घ्या, गरज असेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घाला.

फसवणूक होते ती दुसऱ्याच ठिकाणी. क्रशरखाली साचलेली कच, जिला डस्ट म्हणतात, तीच क्रश सँड म्हणून विकली जाते. खरी क्रश सँड व्हीएसआय यंत्रात दगडावर दगड आपटून बनते. तिचे कण चौकोनी-ठोकळेवजा असतात, चपट्या कपच्या नसतात. नंतर ती धुतात किंवा हवेने तिची पूड काढून घेतात. मूठभर घ्या, तळव्यावर चोळा, झटका. तळवा पिठासारखा राखाडी राहिला तर गाडी परत पाठवा. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीप्रमाणे ठेचलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनखालची पूड १५ टक्क्यांपर्यंत चालते, नैसर्गिक वाळूत मात्र ३ टक्केच. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे : नदीतल्या बारीक पुडीत चिकणमाती असते, आणि ती सिमेंटला दगडाला धरूच देत नाही. क्रशरची पूड दगडाचीच असते. शहापूरच्या आसपास क्रशर आहेत, तेव्हा क्रश सँडच घ्या, पण स्वतः क्रशरवर जाऊन, धुण्याची टाकी डोळ्यांनी पाहून. प्लास्टरसाठी त्यातलीच बारीक, वेगळी चाळलेली मागा.

नवीन घरात काळा ग्रॅनाइटचा ओटा केला. सोनेरी ठिपक्यांचा आहे. जुन्या घरी कडप्पा होता, त्यावर लिंबाचे पांढरे डाग पडायचे. यावर पडतील का? दुकानदार आता क्वार्ट्झचा ओटा सुचवतो आहे माझ्या बहिणीला. आणि विषय निघालाच आहे म्हणून, रांगोळी कशाची असते?
(गृहिणी, खारीगाव)

ताई, तुमच्या ओट्याचं गाव बहुधा मी सांगू शकतो : आंध्रातलं चिमकुर्ती, प्रकाशम जिल्हा. बाजारात त्याला ब्लॅक गॅलेक्सी म्हणतात. भूशास्त्राच्या दृष्टीने तो ग्रॅनाइट नाही. तो गॅब्रो जातीचा, म्हणजे आपल्या बेसाल्टचा खोल जमिनीत सावकाश थंड झालेला भाऊबंद. सावकाश थंड झाला म्हणून त्याचे स्फटिक मोठे वाढले, आणि ते सोनेरी ठिपके म्हणजे ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे. दगडाच्या बाजारात जो कठीण आणि पॉलिश धरतो तो ग्रॅनाइट, एवढाच अर्थ. या दगडाला प्रवासखर्चाचं भय नाही. चौरस फुटाला इतका भाव मिळतो की तो जहाजाने जगभर जातो. खडी मात्र घाट चढली की महाग होते.

कडप्पा, कोटा आणि शहाबादी फरशी हे तिघेही चुनखडक. पहिला आंध्रातला, दुसरा राजस्थानातला, तिसरा कर्नाटकातला. चुनखडकात कॅल्शियम कार्बोनेट असतं, लिंबाचं आम्ल ते खातं. तुम्ही ज्याला डाग म्हणता ते खरं तर दगडाचं पॉलिश विरघळून उघडी पडलेली जागा. ती पुसून जात नाही, घासून पुन्हा पॉलिश करावं लागतं. गॅलेक्सीवर लिंबाचं काही चालत नाही. खात्री हवी तर ओट्याच्या खालच्या कडेला लिंबाचे दोन थेंब दहा मिनिटं ठेवा. काही काळे दगड रंग लावून विकतात, तेही अशाने कळतं. तिथे पांढऱ्या फडक्याला काळं लागेल.

क्वार्ट्झचा ओटा हा खाणीतून आलेला सलग दगड नाही. ९० टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची, पूड आणि रेझिन दाबून बनवलेली ती फळी. घरात वापरायला उत्तम, डाग पडत नाहीत. पण कापताना उडणारी धूळ जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ असते. ती कापणाऱ्या तरुण कारागिरांची फुप्फुसं इतक्या लवकर निकामी होऊ लागली की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा फळ्यांवर बंदी घातली. बहिणीला सांगा, घ्यायचीच असेल तर घरात येऊन कोरडी कापू देऊ नये. कारखान्यात पाण्याखाली कापून, भोकं पाडून आणावी.

रांगोळीसाठी माझी आजी शिरगोळे, म्हणजे पांढरे दगड, आणायची, भाजायची आणि कुटायची. आता बाजारात मिळते ती बहुतेक डोलोमाइट, कॅल्साइट किंवा संगमरवराची पूड. चिमूटभर वाटीत घेऊन व्हिनेगर टाका. जोरात फसफसली तर कॅल्साइट किंवा संगमरवर, मंद बुडबुडे आले तर डोलोमाइट. काहीच झालं नाही आणि बोटांना काचेसारखी करकरली तर ती क्वार्ट्झची. ती चाळू नका, फुंकू नका, आणि पोरांच्या हाती देऊ नका.

माझा लहान भाऊ परराज्यात क्वार्ट्झ पावडरच्या गिरणीत चार वर्षं आहे. आता जिना चढला की धाप लागते. डॉक्टरांनी टीबीचं औषध दिलं, फरक नाही. तुम्ही खाणीत वाढलात, तुम्हाला काही झालं का?
(रिक्षाचालक, तुर्भे स्टोअर)

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. उशीर न करता त्याला इकडे बोलवा.

आमच्या काळ्या दगडात सिलिका निम्म्याच्या आसपास असते, पण ती फेल्डस्पार आणि पायरोक्सीन या खनिजांत बांधलेली असते. मोकळं क्वार्ट्झ जवळपास नसतं. म्हणून बेसाल्टच्या धुळीने सिलिकोसिस, म्हणजे मोकळ्या क्वार्ट्झच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, क्वचित होतो. मी लॅबमध्ये गेलो आणि वाचलो. वडील मात्र २२ वर्षं ड्रिलच्या मागे होते, तोंडाला ओला पंचा बांधून. शेवटची सहा वर्षं त्यांना सलग झोप लागत नव्हती, उशा रचून बसूनच झोपायचे. ठेकेदार म्हणाला बिडीमुळे. त्या खाणीत कुणाचाही छातीचा एक्सरे कधी निघाला नाही, त्यामुळे काय झालं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. मला आजही याचा राग आहे.

भावाची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तो ज्या पुडीत उभा आहे ती क्वार्ट्झच आहे. काच, सिरॅमिक, रंग यांना ती मैद्यासारखी बारीक लागते, आणि डोळ्यांना न दिसणारे कणच फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. तिथे व्रण होतो आणि फुप्फुस दगडासारखं घट्ट होत जातं. मंदसौरच्या पाटीपेन्सिल कामगारांचं, खंभातच्या अकीकचे खडे घासणाऱ्यांचं हेच झालं. गोध्रा परिसरातल्या क्वार्ट्झ गिरण्यांत काम केलेले मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर असेच गेले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला लावले.

पहिलं काम, मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या छातीविकार विभागात एक्सरे, आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं : कुठली पावडर, किती तास, किती वर्षं, बंद शेडमध्ये की उघड्यावर. हे सांगितलं नाही तर टीबीच समजतात, कारण फोटोत दोन्ही सारखे दिसू शकतात. थुंकीची तपासणीही करून घ्या, कारण सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर गाठतो आणि दोन्ही एकत्र असू शकतात. दुसरं, त्याचं ओळखपत्र, पगाराची पावती, गिरणीसमोरचा फोटो, जे असेल ते जपून ठेवा. गिरण्या मजुरांची नोंदच ठेवत नाहीत, आणि नोंद नसेल तर तो तिथे होता हेच सिद्ध करता येत नाही. कायद्यानुसार हा कळवायलाच हवा असा आजार आहे, आणि नुकसानभरपाई मिळणाऱ्या कामाच्या आजारांच्या यादीत तो आहे. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर तिथेही दावा होतो. तिसरं, तो त्या गिरणीत परत जाऊ नये. साचलेली पूड काढणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो, पण आत जाणारी धूळ थांबवणं आपल्या हातात आहे. रुमालाने ती थांबत नाही. त्याला दुसरं काम मिळेपर्यंत इथे माझ्या ओळखीच्या दोन लॅब आहेत, नमुने गोळा करायला माणूस लागतो. मासिकाच्या पत्त्यावर तुमचा नंबर कळवा.

मी आठवीत आहे. आमच्या सोसायटीच्या मागे पायलिंग करताना निघालेल्या काळ्या दगडात एक पोकळी होती आणि आत पांढरे चमकणारे खडे होते. हा हिरा आहे का? बाबा म्हणतात गारगोटी आहे.
(विद्यार्थिनी, ऐरोली)

बाळा, हिरा नाही, पण तुला जे सापडलं त्यासाठी जगभरची संग्रहालयं महाराष्ट्राकडे बघतात. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. नंतर खूप काळ गरम पाणी दगडातून झिरपत राहिलं, खनिजं विरघळवून आणत राहिलं, आणि पोकळीच्या भिंतीवर एकेक थर साचून स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट अशी त्यांची नावं. यातले पहिले तीन झिओलाइट घराण्यातले. पुण्याजवळच्या वाघोलीचा गडद निळा कॅव्हनसाइट तर फारच देखणा. सिन्नरला गारगोटी नावाचं संग्रहालय आहे, सुट्टीत बाबांना न्यायला सांग.

ओळखायचं कसं? जुन्या काचेच्या तुकड्यावर टोक ओढ, बाबांना शेजारी बसवून. काचेवर ओरखडा उठला तर ते क्वार्ट्झ, म्हणजे बाबांची गारगोटी. ओरखडा उठला नाही तर व्हिनेगरचा थेंब टाक. फसफसलं तर कॅल्साइट. दोन्ही नाही, आणि पिसाऱ्यासारखे, पेंढीसारखे किंवा सुयांसारखे गुच्छ असतील, तर बहुधा झिओलाइट.

झिओलाइट म्हणजे 'उकळणारा दगड'. १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने तो तापवला तेव्हा त्यातून पाण्याची वाफ फसफसत निघाली, म्हणून हे नाव. त्याच्या आत अतिशय लहान खोल्या असतात. त्यात पाणी राहतं, आणि एक धातूचा कण सोडून दुसरा धरता येतो. आईच्या कपड्यांच्या पावडरीत अशाच खोल्यांचा झिओलाइट असू शकतो, जड पाण्यातलं कॅल्शियम पकडायला. पण तो आपल्या डोंगरातला नसतो. आपल्याकडे तो पोकळीपोकळीत विखुरलेला, शंभर ट्रक दगड फोडावा तेव्हा पाटीभर मिळायचा. कारखान्यांसाठी तो यंत्रात बनवतात, किंवा इतर देशांत ज्वालामुखीच्या राखेच्या जाड थरांतून काढतात.

एक वचन दे. आणखी खडे शोधायला बंद खाणीत जाणार नाहीस. तिथल्या कड्यावरचे धोंडे सैल असतात आणि डबक्याची खोली कुणाला माहीत नसते. आमच्या वस्तीतला माझ्या वर्गातला मुलगा तिथेच गेला. पायलिंगचा राडारोडा पडलेला असतो तिथे, वॉचमनकाकांना विचारून शोध. भरपूर मिळेल.

आजीचं जातं गावाहून आणलं आहे. चालवायची इच्छा आहे. दगडाची पूड पिठात येते का? टाकी लावणारे कुठे मिळतील?
(नौपाडा, ठाणे)

येते, पण सुरुवातीला. जात्याला आपला काळा पाषाण का चालतो, तर तो कठीण असून त्यात बारीक पोकळ्या असतात. झिजत गेला तरी नव्या पोकळ्यांच्या धारा वर येत राहतात. चुनखडकाचं जातं चार दिवसांत गुळगुळीत झालं असतं. तरी वापराने तळी गुळगुळीत होतेच, आणि तेव्हा टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने बारीक खाचा मारायच्या. पूर्वी आमच्या वस्तीतल्या वडार बायका हातात छिन्नी-हातोडी घेऊन ठाण्याच्या गल्ल्यांत 'टाकी लावायची का' म्हणून हाक देत फिरायच्या. त्यातल्या दोघीतिघींची मुलं आजही कळवा आणि दिघ्याच्या रस्त्याकडेला पाटे-वरवंटे, खलबत्ते विकायला बसतात. त्यांना विचारा, बहुतेक जण घरी येऊन टाकी लावून देतात. खाचा मध्यापासून कडेकडे तिरक्या जायला हव्यात, म्हणजे पीठ बाहेर सरकतं. त्यांना ते सांगावं लागत नाही.

टाकी लावल्यावर दोन्ही तळ्या ताठ ब्रशने पाण्याने घासा आणि दोन दिवस उन्हात वाळवा. पहिल्यांदा मूठमूठ घालून किलोभर जाडे तांदूळ दळा आणि टाकून द्या, पाखरांनाही घालू नका. दुसऱ्यांदा पुन्हा तसंच. तिसऱ्या दळणाचं चिमूटभर पीठ दाताखाली घ्या. करकर नसेल तर ज्वारी काढा.